आमच्या घरात गाणं आहे!

आमच्या घराण्यात आजवर कुणालाही गाता आलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणाची काही तक्रारही नव्हती.

कंधारजवळच्या गावी वडील बैलांना हाकताना जो आवाज काढायचे, तेवढंच आमच्या खानदानाचं संगीत. मी नांदेडला आलो आणि मोटार-पंपांच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. दिवसभर बेअरिंग, वॉशर आणि ग्रीस. बायको, म्हणजे मंगल, आरतीला टाळ्या तालात वाजवते (निदान सुरुवातीला तरी). मुलगी वैष्णवी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे ती स्वतः गात नाही, पेशंटला आलाप घ्यायला लावते. सगळं कसं सुखात चाललं होतं.

मग वैष्णवीचं लग्न ठरलं. मुलगा आदित्य, लातूरचा. त्याचे वडील दिगंबरराव मूळचे जवळच्याच मुरुडचे, लातूरच्या मोंढ्यात डाळीची आडत. सुपारी फोडायला मी, मंगल आणि मंगलचा धाकटा भाऊ गजानन असे तिघं लातूरला गेलो. गजानन एसटीत कंडक्टर आहे. त्याचा आवाज मोठा आणि स्वभाव त्याहून मोठा. आपल्या माणसाची बाजू घ्यायची म्हटली की तो आधी बोलतो आणि मग विषय काय होता ते विचारतो.

दिगंबररावांच्या हॉलमध्ये भिंतीवर एक गिटार टांगलेलं होतं. मी सहज विचारलं, "हे कोण वाजवतं?" (पाहुण्यांच्या घरी काहीतरी विचारावं लागतं. तिथे बंदूक टांगलेली असती तर बंदुकीबद्दल विचारलं असतं.)

होणारे व्याही दिगंबरराव छाती काढून म्हणाले, "ईवाई, आमच्या घरात गाणं हाय! आदित्य वाजवतो, मीबी थोडंफार वाजवतो, अन् ही तर गातीच."

इथे मी 'वा, वा' म्हणून पोह्यांकडे वळलो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मुलीचा बाप झालो म्हणून काय मान खाली घालूनच बसायचं? माझ्या तोंडून निघून गेलं, "असं का? आमच्याही घरात गाणं आहे!"

मंगलचा चहा नाकात गेला. आणि माझी बाजू पडते की काय असं वाटून गजानन उठून उभाच राहिला.

"हाव! दाजी तर गिटार वाजवून राहिले ना आजकाल! ताईचा गळा तर लई गोड. अन् मी इंग्लिशमधून सूत्रसंचालन करत असतो!"

गजाननने आयुष्यात इंग्लिशमधून फक्त 'डबल बेल' दिलेली आहे. पण विहीणबाई सुमनताई मात्र टाळी वाजवून म्हणाल्या, "मग जमलंच की! हळदीच्या संध्याकाळी संगीत ठिवू. एक तुमचं, एक आमचं!"

आमच्या वेळी हळदीच्या संध्याकाळी हळद लागायची आणि मामाला चहा मिळाला नाही म्हणून भांडण लागायचं, एवढाच कार्यक्रम असे. हे संगीत आमच्याकडे अलीकडेच आलं आणि थेट माझ्या मानगुटीवर बसलं.

घरी आल्यावर गजाननने वैष्णवीला सगळी हकीकत मोठ्या उत्साहात सांगितली. ती ऐकता ऐकता खाली बसली.

"बाबा, गिटारची कोणती बाजू वर धरतात ते तरी माहितीये का तुम्हाला?"

"शिकू की! त्यात काय एवढं? पंपाचा इंपेलर बसवतो मी, ही तर लाकडाची पेटी आहे."

"ती माणसं खरंच गाणारी आहेत, बाबा. तुमची थाप उघडी पडली की तुम्ही हात झटकून दुकानात जाल. मला त्या घरात राहायचंय! उद्या माझी भाजी खारट झाली तरी सासूबाई म्हणतील, बापाच्या गाण्यासारखीच झालीये."

एवढं बोलून तिने डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं. पोरगी सासरी जायच्या आधीच मी तिच्या पदरात टोमणा बांधून दिला होता. मी तिला शब्द दिला की तुझी मान खाली जाऊ देणार नाही. शब्द देताना आवाज चिरकला, ते गजाननलासुद्धा जाणवलं.

शिकवायला सर शोधून काढले गजाननने. एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीवर पाटी होती : 'स्पोकन इंग्लिश, गिटार, गायन. एकाच छताखाली. वयाची अट नाही.' आम्हाला तिन्ही हवं होतं आणि वय तर भरपूर होतं. खाली गिरणी सुरू झाली की वरची सगळी खोली थरथरायची. त्यामुळे आवाजात कंप यायला वेगळी मेहनत घ्यावी लागत नसे. सरांचे केस मानेपर्यंत वाढलेले आणि सगळ्या अंगावर पिठाची बारीक साय. ते अंग झटकायचे तेव्हा दहा वर्षांनी तरुण दिसायचे.

सरांनी आमची कसलीही परीक्षा घेतली नाही. फक्त तीन प्रश्न विचारले.

"प्रसंग कोणता?"

"मुलीचं लग्न."

"मुलीचं नाव?"

"वैष्णवी."

"नदी?"

"आँ?"

"तुमच्या गावची नदी कोणती?"

"गोदावरी," मी म्हणालो. (नांदेडमध्ये राहून हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं.) कलावंत माणूस आहे, नदीकाठी चिंतन करत असेल, अशी मी समजूत घालून घेतली.

सरांनी डोळे मिटले. खाली कुणाचं तरी ज्वारीचं दळण चालू होतं. ते दळण संपायच्या आत सरांनी डोळे उघडले आणि गाणं तयार!

"चांदण्यांनो खाली या गं, आमची वैष्णवी पाहून जा!"

मंगलच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सर, आत्ताच सुचलं?"

"खास तुमच्या मुलीसाठी बांधलंय, ताई. पण एक पथ्य पाळा. कार्यक्रमापर्यंत बाहेर कुणाला ऐकवू नका. नजर लागते."

गजाननला इंग्लिशमधलं निवेदनही तेवढ्याच झटपट मिळालं. त्याची सुरुवात अशी होती : "रिस्पेक्टेड एल्डर्स अँड डिअर फ्रेंड्स, टुडे माय हार्ट इज ओव्हरफ्लोइंग लाइक गोदावरी रिव्हर!" अर्थ कळल्यावर गजानन भारावून गेला. आपल्या हृदयात एवढं पाणी आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

आणि मग आमच्या घराची दशा झाली!

गाण्याला गिटारवर बोटांच्या तीनच जागा होत्या. पण माझी बोटं पाना फिरवून फिरवून जाड झालेली. मी एक तार दाबली की शेजारच्या दोन आपोआप दबायच्या. सर म्हणाले, रियाज हवा. म्हणून मी नवं घेतलेलं गिटार दुकानात न्यायला लागलो. एकदा इस्लापूरहून आलेलं एक शेतकरी गिऱ्हाईक बराच वेळ माझं वाजवणं ऐकत उभं राहिलं आणि शेवटी कळवळून म्हणालं, "मालक, ह्याचं वाइंडिंग जळालं का?"

मंगल भाकरी थापता थापता गायची. तिच्या पहिल्या ओळीनंतर नेमकी कुकरची शिट्टी व्हायची, म्हणून ती तेवढी थांबायची. होता होता तिला तशी सवयच लागली. कुकर नसला तरी 'खाली या गं' म्हटल्यावर ती शिट्टीची वाट बघायची! सर म्हणाले, ही जागा फार सुंदर घेता तुम्ही, ताई.

गजाननने तर गाडीतच तालीम सुरू केली. तो नांदेड-लातूर गाडीवर असतो. लोह्याला चढलेल्या प्रवाशांना तिकिटाच्या आधी गोदावरी रिव्हर ऐकावी लागे. त्यात उभ्याने प्रवास करणारे असतील तर त्यांची काय अवस्था होत असेल! एक दिवस तो सांगत आला, "दाजी, आपले सर दर शनिवारी माझ्याच गाडीनं लातूरला जाऊन राहिलेत. मांडीवर गिटार घेऊन बसतात. वर ठिवा म्हनलं तर ऐकत न्हाईत."

"सासुरवाडी असेल," मी म्हणालो.

"गिटार घेऊन सासुरवाडीला कामून जाईल माणूस?"

मी त्याला दटावलं. कलावंताच्या खाजगी गोष्टींत आपण नाक खुपसू नये. (खुपसायला हवं होतं! पूर्ण नाक, मुळापासून!)

वैष्णवी हे सगळं बघत होती आणि दिवसेंदिवस वाळत होती. नवरीचे ब्लाऊज दोनदा आवळावे लागले. शिंपीणबाई म्हणाल्या, लग्नाची काळजी असते पोरींना. कसली काळजी ते त्यांना कुठे ठाऊक!

हळदीची संध्याकाळ आली. कार्यालय आमच्या नांदेडचंच. दोन्हीकडची हळद लागली, लातूरची मंडळी झब्बे-बिब्बे घालून समोर बसली. दिगंबररावांच्या मांडीवर गिटार होतं. सुमनताई डोळे मिटून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होत्या. खरे गाणारे बघा, कसे तयारीत बसतात, असं मला वाटलं. आमच्या सरांनाही आग्रहाचं आमंत्रण होतं. ते पहिल्या रांगेत जिलेबीची प्लेट घेऊन बसले होते. वैष्णवी हळदीच्या अंगाने आदित्यशेजारी बसली होती आणि माझ्याकडे सारखी बघत होती.

मुलाकडच्यांचा मान पहिला. आदित्यचे काका माईकपाशी गेले. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान आहे. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले :

"रिस्पेक्टेड एल्डर्स अँड डिअर फ्रेंड्स, टुडे माय हार्ट इज ओव्हरफ्लोइंग लाइक मांजरा रिव्हर!"

भर मे महिना चालला होता. मांजरेच्या पात्रात तेव्हा पोरं क्रिकेट खेळत होती. लातूरकर खुसखुसायला लागले. गजाननने माझं मनगट असं धरलं, जणू मी विनातिकीट सापडलो होतो.

"दाजी! हे तर माझं हाय!"

"चूप."

"आवं, फक्त नदी बदलली!"

माझी नजर सरांकडे गेली. त्यांची जिलेबी तोंडाच्या वाटेवर मध्येच थांबली होती आणि पाक झब्ब्यावर ठिबकत होता. तेवढ्यात दिगंबररावांनी तारा छेडल्या. त्याच तीन जागा! आणि सुमनताईंनी सूर लावला :

"चांदण्यांनो खाली या गं, आमचा आदित्य पाहून जा!"

मंगल सवयीने शिट्टीची वाट बघत थांबली, मग भानावर येऊन मला म्हणाली, "अहो, हे तर आपल्या वैष्णवीचं गाणं! आता आपण काय म्हणायचं?"

खरंच, काय म्हणायचं? दुसरं गाणं येत नव्हतं. गायलो नाही तर आम्ही थापाडे. गायलो तर आम्ही चोर! टाळ्या संपल्या. "आता मुलीकडची मंडळी!" असा पुकारा झाला. वैष्णवीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला सगळं पाठ होतं बिचारीला. एवढे दिवस घरात तिने दुसरं ऐकलं काय होतं?

मी गजाननला म्हणालो, "तू दुसरं काहीतरी बोल. काहीही बोल, पण मराठीत बोल!"

"हाव, हाव," असं म्हणत तो गेला. माईक हातात आला आणि माणसाचं डोकं रिकामं झालं. एवढे दिवस ज्या वळणावर जीभ धावत होती त्याच वळणावर ती सुटली :

"रिस्पेक्टेड एल्डर्स अँड डिअर फ्रेंड्स, टुडे माय हार्ट इज ओव्हरफ्लोइंग लाइक गोदावरी रिव्हर! मागं सरका, मागं सरका!"

(शेवटचे शब्द गाडीतल्या तालमीतले. सवय!)

मागे भट्टीवर भजी तळणारा आचारीसुद्धा झारा हातात घेऊन बघायला आला. दिगंबररावांचं तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. हळदीसकट पोरगी परत घरी न्यायची. मी मंगलकडे पाहिलं. ती म्हणाली, "आता चढायचंच तर दोघं मिळून चढू," आणि माझा हात धरून स्टेजवर गेली. त्या क्षणी मला ती फार आवडली.

मी तीन जागांपैकी पहिली दाबली (शेजारच्या दोनसुद्धा दबल्या). मंगलने डोळे मिटले आणि ती गायली, "चांदण्यांनो खाली या गं..."

ती थांबली. शिट्टीपुरती. आणि त्या थांबलेल्या जागेत समोरून सुमनताईंचा आवाज आला, बारीकसा, थरथरता :

"आमची वैष्णवी पाहून जा!"

मंगलने डोळे उघडले. सुमनताई उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कसलं, कळेना. पुढच्या ओळीला तर सगळं कार्यालय गायला लागलं, कारण गाणं आत्ताच सगळ्यांनी ऐकलेलं! तेवढ्यात मागच्या रांगेतून लातूरचे एक पाहुणे ओरडले, "अरे, हे तर आमच्या कॉलनीत म्हनलं होतं! बोअरला पाणी लागलं तवा! 'चांदण्यांनो खाली या गं, आमची बोअर पाहून जा!'"

त्यावर आमच्या बाजूचे एक रिटायर झालेले हेडमास्तर उभे राहिले. ते दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "माझ्या निरोप समारंभातही हेच होतं. मला वाटायचं, फक्त माझ्यासाठी..."

मग मात्र हसण्याचा बांध फुटला. आदित्य तर वैष्णवीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होता आणि त्याच्या गालाला तिची हळद लागत होती.

दिगंबरराव गिटार घेऊनच माझ्यापाशी आले.

"ईवाई, खरं सांगू का? आमच्या घरात गाणं-बिणं काई न्हाई. ते गिटार आदित्यनं कॉलेजात हौसेनं घेतलं अन् आठ दिवसांत खुट्टीला टांगलं. तुमी इचारलं तवा तोंडातून गेलं निघून. लगेच तुमी म्हनलाव, आमच्याबी घरात गाणं हाय. म्हनलं, मेलो आता!"

सुमनताई मंगलच्या गळ्यात पडल्या. "ईनबाई, सुपारी फुटल्यापासून मला झोप न्हाई हो! तुमी खरे गाणारे, अन् तुमची लेक माझ्या घरात येऊन मला हसंल, याचीच धास्ती! वजन घटलं माझं!"

वैष्णवी हे ऐकत होती. ती उठली, सासूबाईंजवळ गेली आणि म्हणाली, "आई, माझे ब्लाऊज दोनदा आवळले." दोघी एकमेकींकडे बघून जे हसत सुटल्या ते मला आजही दिसतं. माझ्या छातीवरचा एवढा मोठा पंप कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. शब्द मी पाळला होता. कसा पाळला ते विचारू नका.

राहता राहिले सर. ते गिटारची पिशवी खांद्याला लावून भट्टीच्या वाटेने निघाले होते. गजाननने दारात अडवलं. "सर, ह्याला काय म्हनायचं?"

सरांनी झब्बा झटकला आणि शांतपणे म्हणाले, "दोन्हीकडचं गाणं एक, भाषण एक, तालसुद्धा एक. अहो, ह्याला छत्तीस गुण जुळणं म्हणतात!"

दिगंबररावांनी त्यांना आणखी जिलेबी वाढायला सांगितली.

यंदा नात झाली. आदित्यची बहीण पुण्याला असते. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा, आणि तिने 'ईरा' हे नाव कधीचं पक्कं केलं होतं. पण बारशाला गाणं म्हणायचं तर आम्हा दोन्ही घरांना मिळून येतं एकच. मी, दिगंबरराव, मंगल आणि सुमनताई तालमीला बसलो. 'आमची ईरा पाहून जा' काही केल्या चालीत बसेना. मधेच खड्ड्यात पाय गेल्यासारखं व्हायचं. 'आमची बोअर' जमते, पण ईरा जमत नाही! शेवटी चौघांनी त्या आत्याला दोन दिवस फोन करून करून भंडावलं आणि नातीचं नाव जान्हवी ठेवलं. वैष्णवीच्या जागी अगदी फिट्ट बसतं, नवा रियाज करावा लागत नाही.

परवा दुकानात कुणीतरी विचारलं, "नाव छान आहे हो, पत्रिकेवरून काढलं का?"

मी ग्रीसचे हात पुसले आणि म्हणालो, "छे! आमच्या घरात गाणं आहे ना!"